बॅटन कुणी पाडला?

चौथीच्या वर्गांची रिले शर्यत होती. शेवटच्या अदलाबदलीपर्यंत पुढे असलेल्या संघाचा बॅटन तिथेच खाली पडला आणि तो संघ शेवटचा आला. प्राथमिक शाळेत असं वरचेवर होतं, कुणी त्याची नोंद ठेवत नाही. या वेळी ठेवावीशी वाटली, कारण पुढचे काही दिवस हीच घटना त्याच मुलांनी चित्रकलेच्या, भाषेच्या आणि माध्यमांच्या तासाला मांडली आणि शेवटी पुन्हा मैदानावर नेऊन तपासली. असा उपक्रम आम्ही आखला नव्हता. भांडण मैदानावरून वर्गात आलं आणि प्रत्येक शिक्षकाला त्याच्याशी काहीतरी करावंच लागलं.

मी या वर्गाला भाषा शिकवते. बाकीच्या तिघा शिक्षकांच्या नोंदी आणि मुलांची कामं एकत्र ठेवून हे प्रकरण लिहिलं आहे. नावं कुणाचीच दिलेली नाहीत. बॅटन देणाऱ्या मुलीला 'देणारी' आणि घेणाऱ्या मुलाला 'घेणारा' म्हटलं आहे.

कला, खेळ आणि माध्यमं यांचे तास म्हणजे 'मुख्य' विषयांच्या मधली विश्रांती, असं पालक सहज बोलून जातात आणि शिक्षकही फारसं खोडून काढत नाहीत. भाषेलाही हळूहळू शुद्धलेखन आणि प्रश्नोत्तरांपुरतं उरवलं जातं. या चार तासांत मूल एक अवघड गोष्ट शिकत असतं: आपल्याला जे माहीत आहे ते कशावरून माहीत आहे, हे वेगवेगळ्या बाजूंनी पारखायला. हे प्रकरण मी त्याचा दाखला म्हणून मांडते आहे.

मैदानावर काय झालं

देणारी वर्गातली सर्वांत वेगवान मुलगी. ती पूर्ण वेगात आली. घेणाऱ्यानं हात मागे केला होता. बॅटन दोघांच्या मध्ये निसटला, जमिनीवर आपटून बाजूच्या पट्ट्यात घरंगळला. पण शर्यत गेली ती त्यानंतर. दोघंही थांबून एकमेकांकडे बघत राहिले. उचलायचा कुणी, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, आपण तर देऊन मोकळे झालो. त्याला वाटलं, आपल्याला मिळालाच नाही. तोवर बाकीचे संघ निघून गेले.

नियम स्पष्ट आहे. ज्या धावपटूच्या हातून बॅटन पडला त्यानंच तो उचलायचा. आणि बॅटन फक्त घेणाऱ्याच्या हातात राहतो त्या क्षणी अदलाबदल पूर्ण झाली असं मानतात. तोवर ती चालूच असते. म्हणजे 'कुणी पाडला' हा प्रश्न मुलांनी भांडणासाठी उकरून काढलेला नव्हता. खेळाच्या नियमालाच त्याचं उत्तर लागतं.

खेळाच्या सरांनी त्या दिवशी निवाडा द्यायचं टाळलं. वर्गात येईपर्यंत दोन तट पडले होते आणि प्रत्येक तटाला आपण ते डोळ्यांनी पाहिल्याची खात्री होती.

चित्रं

चित्रकलेच्या बाईंचा तास योगायोगानं त्याच दिवशी होता. मुलं शर्यतीखेरीज दुसरं काही बोलायला तयार नव्हती, म्हणून त्यांनी ठरलेला विषय बाजूला ठेवला आणि शर्यतच काढायला सांगितली. सूचना एवढीच: तुम्हाला सगळ्यात जास्त आठवतंय ते काढा.

नऊ-दहा वर्षांच्या मुलांची चित्रं एका वळणावर असतात. फ्रेंच अभ्यासक ज्यॉर्ज-आन्री ल्युके यांनी 1927 साली हा फरक नीट मांडला: लहान मूल आधी त्याला माहीत असलेलं काढतं आणि पुढे हळूहळू डोळ्यांना दिसणारं काढू लागतं. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 साली वयोगटानुसार टप्पे सांगितले, त्यांतही साधारण नऊ वर्षांच्या आसपास हा बदल येतो. त्याआधीच्या टप्प्यात मुलं महत्त्वाचा अवयव मोठा काढतात, आणि एकाच कागदावर आधीचं व नंतरचं दोन्ही दाखवतात. आमच्या वर्गात दोन्ही प्रकारची चित्रं शेजारी शेजारी बसून काढली जात होती.

एका मुलीच्या चित्रात देणारी दोनदा होती. एकदा डावीकडे धावताना, एकदा मधोमध हात पुढे करून. बॅटन तीन ठिकाणी होता: हातात, हवेत आणि जमिनीवर. शेजारचा मुलगा तिला म्हणाला, "एवढे बॅटन कुठे होते? एकच तर होता." ती शांतपणे म्हणाली, "एकच आहे. तो पडतोय." ज्याला आपण चूक म्हणून खोडायला सांगितलं असतं, तिथं या मुलीनं स्थिर कागदावर वेळ दाखवण्याचा प्रश्न स्वतःच्या बळावर सोडवला होता. बाईंनी ते चित्र वर्गासमोर धरलं आणि हवेतला बॅटन झाकून विचारलं, "आता काय कळत नाही?" मुलं म्हणाली, पडला की ठेवला ते कळत नाही.

दुसरं चित्र घेणाऱ्याचं स्वतःचं. कागदाचा जवळजवळ सगळा भाग रिकामा पट्टा, दूरवर शेवटची रेघ, आणि खालच्या कोपऱ्यात मागे गेलेला एक हात. देणारी नाही, बॅटन नाही, तो स्वतःही नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटेल की मुलानं कंटाळून काहीच काढलं नाही. बाईंनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मला एवढंच दिसत होतं. मी पुढे बघत होतो." वर्गात एकट्यानं त्यानं घटना स्वतःच्या जागेवरून काढली होती. बाकी जवळपास सर्वांनी ती बाजूनं, प्रेक्षकांच्या जागेवरून काढली, अगदी देणारीनंसुद्धा. ती स्वतः त्या प्रसंगात होती, तरी तिच्या चित्रात ती बाहेरून दिसते, आणि तिचा बॅटन धरलेला पंजा तिच्या डोक्याएवढा आहे.

इथे बाईंनी एक गोष्ट ठामपणे केली आणि तिचं महत्त्व मला फार वाटतं. आमच्यापैकी एकानं मोठ्या पंजाकडे बोट दाखवून म्हटलं, "बघा, तिला अपराधी वाटतंय." बाईंनी ते तिथेच थांबवलं. मोठा हात म्हणजे त्या मुलीला हात महत्त्वाचा वाटला, एवढंच चित्र सांगतं. तिला अभिमान वाटला, राग आला की अपराधी वाटलं, हे चित्रावरून ठरवायचा अधिकार आपल्याला नाही, तिला विचारा. तिला विचारलं तर ती म्हणाली, "हात नीट काढायचा होता. बोटं पाच बसेनात म्हणून मोठा केला."

मुलांच्या चित्रांतून मन वाचण्याचा मोह शिक्षकांना फार असतो. तो आवरला नाही तर मूल पुढच्या वेळी आपल्याला काय आवडेल ते काढतं.

पुढच्या तासाला बाईंनी धावत्या घोड्याची जुनी चित्रं दाखवली. फ्रेंच चित्रकार जेरिको यांच्या 1821 सालच्या शर्यतीच्या चित्रात घोड्यांचे पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेले आहेत, चारही पाय जमिनीपासून सुटलेले. 1878 साली कॅलिफोर्नियात छायाचित्रकार मायब्रिज यांनी ओळीनं कॅमेरे लावून धावत्या घोड्याचे लागोपाठ फोटो घेतले. चारही पाय हवेत असतात हे खरं निघालं, पण त्या क्षणी ते ताणलेले नसून पोटाखाली गोळा झालेले असतात. मुलांना हे भलतंच आवडलं. "म्हणजे चित्रकार खोटं बोलला?" असा प्रश्न आलाच. बाईंनी उत्तर दिलं नाही. दोन्ही चित्रं शेजारी लावली आणि विचारलं, कुठला घोडा जास्त वेगात वाटतो? बहुतेकांनी जेरिकोच्या घोड्याकडे बोट दाखवलं. शिल्पकार रोदँ यांचंही म्हणणं जवळपास असंच होतं: प्रत्यक्षात काळ थांबत नाही, फोटो मात्र त्याला थांबवतो, म्हणून अशा बाबतीत कलावंत फोटोपेक्षा खरा असतो.

चौथीच्या मुलांना हा वाद सोडवता येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. दिसणं आणि घडणं यांत फट असते, आणि चित्र काढणाऱ्यानं त्या फटीत काहीतरी निवडलेलं असतं, इतकं त्यांच्या हाती लागलं.

वाक्यात माणूस कुठे आहे

माझ्या तासाला मी वर्णन लिहायला दिलं. आलेल्या लेखनात सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द 'मग'. नमुन्यादाखल एक:

"मग ती जोरात धावली. मग तिने बॅटन दिला. मग तो पडला. मग सगळे ओरडले. मग आम्ही हरलो."

या वयात हे अगदी स्वाभाविक आहे. मुलाला क्रम सांगता येतो. कारण सांगणं त्यानंतर येतं, कारण त्यासाठी दोन घटनांमध्ये पूल बांधावा लागतो. मी मुलांना सांगितलं, पाचपैकी निदान दोन 'मग' काढा आणि तिथे दुसरा जोडशब्द ठेवून बघा. त्याच मुलाचा दुसरा खर्डा असा आला:

"ती खूप जोरात आली पण तो अजून जागेवरच उभा होता, म्हणून बॅटन त्याच्या हाताला लागून पडला."

लेखन म्हणून हे कितीतरी पुढे गेलेलं आहे. पण वाक्य सुधारल्याबरोबर त्यात एक नवा दावाही शिरला. पहिल्या खर्ड्यात तो मुलगा कुणालाही काही म्हणत नव्हता. दुसऱ्यात घेणारा 'जागेवरच उभा' आहे. मी विचारलं, "हे तू पाहिलंस?" तो थांबला. "नाही, पण तसंच असणार. नाहीतर पडला कसा?" 'म्हणून' लिहायचं तर आधी कारण हवं, आणि कारण हाताशी नसलं की मूल ते रचतं. मोठी माणसंही हेच करतात.

मग आम्ही तीन रंगांचा सराव केला. पाहिलेलं निळ्या पेन्सिलीनं अधोरेखित करायचं, दुसऱ्याकडून ऐकलेलं हिरव्या, आणि अंदाज लाल. काही वह्यांत लाल रंगच जास्त भरला. एका मुलीनं तर आपलं आख्खं पान लाल केलं आणि सांगितलं, "बाई, मी तेव्हा पाणी प्यायला गेले होते." तोवर ती वादात एका तटाची पुढारी होती.

दुसरा मुद्दा क्रियापदांचा. देणारीनं लिहिलं होतं, "मी बॅटन दिला आणि तो पडला." घेणाऱ्यानं लिहिलं होतं, "बॅटन माझ्या हातात आलाच नाही." दोघांच्याही वाक्यांत पडण्याशी कुणाचा संबंध नाही. बघणाऱ्यांनी मात्र सरळ 'त्याने पाडला' किंवा 'तिने पाडला' असं लिहिलं. मी चारही वाक्यं फळ्यावर लिहिली आणि विचारलं, कुठल्या वाक्यात कुणाची चूक दिसते? ज्या मुलांना कर्ता, कर्म ही नावं अजून नीट माहीत नाहीत त्यांनी क्षणात ओळखलं.

हा फरक केवळ वर्गातला नाही. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडिट्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 2010 साली इंग्रजी वाचकांवर प्रयोग केले. एकाच अपघाताचं वर्णन एका गटाला 'तिनं पाडलं' या धर्तीवर दिलं आणि दुसऱ्या गटाला 'पडलं' या धर्तीवर. पहिल्या गटानं त्या व्यक्तीला जास्त दोष दिला आणि तिच्याकडून जास्त भरपाई मागितली. एका प्रयोगात लोकांनी घटनेचा व्हिडिओही पाहिला होता, तरी वाक्याचा परिणाम पुसला गेला नाही. हे वाचलेलं असल्यामुळे, शर्यतीचे जे फोटो काढलेले होते त्यांबद्दल मला फारशी आशा नव्हती. मुलांना मात्र पक्की खात्री होती की फोटो पाहिले की सगळं मिटेल.

'पाडला' लिहू नका, असं मी मुलांना सांगितलं नाही. कधीकधी कुणीतरी खरोखरच पाडतं, आणि तेव्हा 'पडला' लिहिणं म्हणजे लपवणं. कुठलं वाक्य निवडायचं ते काय माहीत आहे यावर ठरवा, एवढंच सांगितलं.

फोटो

एका शिक्षकांनी शेवटच्या रेघेजवळ उभं राहून मोबाईलनं एका दमात बरेच फोटो घेतले होते. त्यांतले तीन कामाचे निघाले. पहिल्यात बॅटनवर दोघांचेही हात आहेत. दुसऱ्यात दोघांचेही पंजे उघडे आणि बॅटन मधोमध हवेत. तिसऱ्यात तो जमिनीवर.

माध्यमांच्या तासाला सरांनी प्रत्येक गटाला दुसरा फोटो दिला, सोबत कागदाच्या दोन पट्ट्या. पट्ट्या सरकवून फोटोचा कुठला भाग दाखवायचा ते ठरवा आणि खाली एक ओळ लिहा. एका गटानं देणारीला झाकलं. उरला घेणाऱ्याचा उघडा पंजा आणि निसटता बॅटन, खाली ओळ: "हातात आलेला बॅटन सोडला!" दुसऱ्या गटानं नेमकं उलट केलं. तिसऱ्यानं दोन्ही हात ठेवले आणि लिहिलं, "शेवटच्या अदलाबदलीत बॅटन पडला." तिसऱ्या गटाचं सोडाच, पहिल्या दोन्ही गटांनीही काहीच खोटं केलं नव्हतं. फोटो तोच, दिसणारा भाग खराच. सरांनी तिन्ही कागद शेजारच्या वर्गात नेले, जिथल्या मुलांनी शर्यत पाहिली नव्हती, आणि त्यांना विचारलं काय झालं असावं. प्रत्येकानं आपल्या हातातल्या कागदाप्रमाणे सांगितलं.

मुलं थोडी गप्प झाली, पण हरली नाहीत. एकानं मूळ फोटो पूर्ण पाहून म्हटलं, "दोघं किती जवळ आहेत बघा. म्हणजे तो जागेवरच उभा होता हे खरं." यावर सरांनी केलेला छोटा प्रयोग मला या सगळ्यातला सर्वांत उपयोगी वाटतो. दोन मुलांना त्यांनी व्हरांड्यात एकामागे एक, चांगलं अंतर ठेवून उभं केलं. एक फोटो बाजूनं घेतला, एक समोरून बराच लांबून झूम करून. दुसऱ्या फोटोत दोघं जवळजवळ चिकटल्यासारखे दिसले. लांबून झूम केलेल्या फोटोत मागचं-पुढचं अंतर दबल्यासारखं दिसतं. आमचे सगळे फोटो शेवटच्या रेघेवरून, म्हणजे समोरूनच घेतलेले होते. घेणारा पळत होता की उभा होता, हे त्यांतून ठरणारच नव्हतं. कॅमेरा कुठे होता, हा प्रश्न त्या दिवसापासून वर्गात आपोआप विचारला जाऊ लागला.

1982 साली युनेस्कोच्या पुढाकारानं जर्मनीतल्या ग्रुनवाल्ड इथे माध्यम शिक्षणाचा जाहीरनामा निघाला, तेव्हापासून शाळेनं मुलांना माध्यमांसाठी तयार करावं असं सगळेच म्हणतात. प्रत्यक्षात तो तास बहुधा 'मोबाईल कमी वापरा' या उपदेशात संपतो. या वयाच्या मुलाला उपदेशापेक्षा कागदाच्या दोन पट्ट्या जास्त शिकवतात.

एक गोष्ट मात्र आम्हाला आधी सुचली नव्हती, ती घेणाऱ्यानं सुचवली. वर्गाचं भित्तिपत्रक करायचं ठरलं आणि दुसरा फोटो मधोमध लावायचा असं सर्वानुमते झालं, तेव्हा तो उठून म्हणाला, "माझा फोटो नको." मुलं म्हणाली, चेहरा झाकू. तो म्हणाला, "सगळ्यांना माहीतच आहे कोण ते." आणि हे बरोबरच होतं. सर्वानुमते म्हणताना त्याचं मत कुणी विचारलंच नव्हतं. 1989 च्या बालहक्क करारात मुलांच्या खाजगीपणाचा हक्क सोळाव्या कलमात आहे आणि अभिव्यक्तीचा हक्क तेराव्यात. इथे दोन्ही एकाच भिंतीवर समोरासमोर आले. सरांनी मतदान घेतलं नाही, आणि ते योग्य केलं. ज्याचा फोटो त्याचा नकार पुरेसा आहे, कारण द्यायची गरज नाही, असं त्यांनी सांगितलं. मग देणारीनंही आपलं चित्र भिंतीवर नको म्हटलं. तेही मान्य झालं.

भित्तिपत्रकावर आला तो मैदानाचा नकाशा, वरून पाहिल्यासारखा. त्यात कोण कुठे उभं राहून बघत होतं ते ठिपक्यांनी दाखवलं आणि प्रत्येक ठिपक्यापुढे त्या जागेवरून काय दिसलं ते एका ओळीत लिहिलं. वाचणारी दुसरीची मुलं तिथे नव्हती, म्हणून प्रत्येक ओळ त्यांना कळेल अशी लिहावी लागली. वाचक खरा असला की मुलं स्वतःहून खोडतात, पुन्हा लिहितात. सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच शिक्षकानं 1920 च्या दशकात वर्गात छोटा छापखाना आणला आणि मुलांचं लेखन छापून दूरच्या शाळेतल्या मुलांना पाठवायला सुरुवात केली, त्यामागेही हीच ताकद होती.

पुन्हा मैदानावर

खेळाचे सर या सगळ्यावर फारसे खूश नव्हते. त्यांची तक्रार रास्त होती. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी 60 मिनिटं तरी दमवणारी हालचाल करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळेत त्यातला जो तुकडा मिळतो तोही बोलण्यात गेला तर मुलं धावणार कधी? म्हणून त्यांनी अट घातली: मैदानावर चर्चा नाही, फक्त करून बघायचं.

त्यांनी अदलाबदल आधी चालत करायला लावली. एकही बॅटन पडला नाही. मग हळू पळत. मग पूर्ण वेगात, आणि बॅटन धडाधड पडू लागले, सगळ्याच जोड्यांचे, दोन्ही तटांचे. बॅटन म्हणजे फूटभरापेक्षा किंचित आखूड, पोकळ, गुळगुळीत नळी; धावणाऱ्या दोन हातांच्या मध्ये ती टिकवणं मुळातच अवघड. सरांनी त्यांना सांगितलं की 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही चार गुणिले शंभर मीटर संघांचे बॅटन प्राथमिक फेरीतच शेवटच्या अदलाबदलीत पडले होते, तेही एकाच दिवशी. वर्गातला आवाज एकदम खाली आला. घेणाऱ्यानं तर ते दोनदा विचारून खात्री करून घेतली.

मग खरं कारण हळूहळू वर आलं. घेणाऱ्यानं पळायला नेमकी कधी सुरुवात करायची, हे त्या दिवशी कुठल्याच जोडीनं ठरवलेलं नव्हतं. मोठे धावपटू पट्ट्यावर खूण लावतात आणि देणारा त्या खुणेवर आला की निघतात. सरांनी प्रत्येक जोडीला खडू दिला. घेणाऱ्यानं आपल्या जागेपासून मागे पावलं मोजून खूण करायची, करून बघायचं, बॅटन पोचण्याआधी आपण पुढे निघून गेलो तर खूण जवळ आणायची, देणारा अंगावर आला तर लांब न्यायची. देणारी आणि घेणारा या जोडीची खूण वर्गात सर्वांत लांब निघाली, कारण तिचा वेग सर्वांत जास्त. तिच्या येण्याच्या मानानं त्यानं फार लवकर निघायला हवं होतं, आणि हे त्या दोघांना एकट्यानं कळणं शक्यच नव्हतं. सरांनी आणखी एक बदल केला: या वयात घेणाऱ्यानं मागे वळून बॅटनकडे बघत घ्यावा. न बघता घेण्याची पद्धत वेगवान खरी, पण हात स्थिर ठेवण्याचा सराव झाल्याशिवाय ती मुलांच्या अंगावर लादण्यात अर्थ नाही.

नियमाचंही ठरलं. पडल्यावर थांबायचं नाही. एकट्या घेणाऱ्याच्या हातात बॅटन पोचला नव्हता तर देणाऱ्यानं उचलायचा. शर्यतीच्या दिवशी एवढं माहीत असतं तरी संघ शेवटचा आला नसता.

'कुणी पाडला' याचं उत्तर मिळालं का? पहिल्या फोटोत दोघांचे हात आहेत, दुसऱ्यात कुणाचाच नाही, आणि मधला क्षण कुणाकडेच नाही. मुलांनी ते तसंच लिहून ठेवलं. काही मुलांना हे अजिबात पटलं नाही आणि ती अजूनही आपल्या तटावर आहेत.

नोंदी आणि एक मतभेद

सत्राच्या नोंदींत देणारीबद्दल चार विषयांत चार वेगळ्या गोष्टी लिहिल्या गेल्या. खेळात: वेग उत्तम, जोडीदाराचा वेग ओळखून आपला आवरायला शिकते आहे. भाषेत: स्वतःचा सहभाग असलेला प्रसंग लिहिताना कारण टाळते, दुसऱ्याच्या प्रसंगात कारणं नेमकी देते. माध्यमांत: नकाशाची कल्पना तिची. कलेत: हाताच्या रचनेत रस, बोटांचा सराव द्यावा. 'चांगली प्रगती' असा शेरा चारही ठिकाणी मारता आला असता, आणि त्यातून पालकांना काहीच कळलं नसतं.

चित्रकलेच्या बाई मात्र या प्रकरणाच्या कौतुकात सामील नाहीत. त्यांचं म्हणणं, यात चित्र साक्षीदार झालं. कोण कुठे होतं, काय दिसलं, हे सगळं महत्त्वाचं, पण चित्रकलेचा तास त्यासाठी नाही. म्हणून नंतरच्या तासाला त्यांनी वेग काढायला सांगितला, माणूस न काढता, बॅटन न काढता, फक्त रेघा आणि रंग. तीन ठिकाणी बॅटन काढणाऱ्या मुलीला ते जमलं नाही आणि ती रडकुंडीला आली. घेणाऱ्यानं काळ्या खडूनं कागद आडवा घासला आणि मध्ये पांढरी पट्टी सोडली. तो सगळ्यात आधी मोकळा झाला आणि दुसरा कागद मागायला गेला. बाईंचं म्हणणं मला अर्धं पटतं. विषय जोडण्याच्या हौसेत कलेला नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी कामाला जुंपलं जातं, हे खरं आहे. पण त्या पहिल्या तासाला मुलांनी शर्यतच काढली नसती, तर घेणाऱ्याला काय दिसत होतं हे कुणालाच समजलं नसतं.

पुढच्या सत्रापासून वेळापत्रकात एक बदल केला आहे. खेळाच्या तासाला लागून भाषेचा तास ठेवला आहे, म्हणजे मैदानावर जे झालं ते विरायच्या आत लिहिता येईल आणि सरांना मैदानावर बोलण्यात वेळ घालवावा लागणार नाही. माध्यमांचा तास त्याच आठवड्यात कुठेही चालेल. चित्रकलेचा तास बाईंच्या सांगण्यावरून या साखळीतून बाहेर ठेवला आहे. मुलांनी आपणहून विषय आणला तर त्या तो घेतील, आम्ही सुचवायचा नाही.